धामणीने पास केलेला रस्ता

जनावरे बाजारहाट करीत, तेव्हाची गोष्ट. साळू नावाच्या साळिंदराने रानातली आपली पेठ नवी केली. दुकाने वाढवली, रस्ता आवळला. तपासनिसाने चालून पाहिल्याशिवाय रस्ता पास होत नसे. साळूने मुद्दाम धामणीलाच तपासनीस म्हणून बोलावले. ती सरसर आत गेली, सरसर बाहेर आली.

“ऐसपैस आहे हो, साळूशेठ!”

उद्घाटनाला म्हशी आल्या आणि पेठेच्या तोंडाशीच अडल्या. गिऱ्हाईक माघारी फिरताना पाहून साळू घाबरला. त्याचे काटे ताठ उभे राहिले आणि तो स्वतःच दोन दुकानांच्या मध्ये अडकला.

“शेठ, बाहेर काढू का?” थोरल्या म्हशीने विचारले.

“काढ की, बाई! लवकर काढ!”

“मग आधी कोणतं दुकान पाडू, तेवढं सांगा.”