उलट्या हवेलीतला राजा

एका राज्यात, कुठल्या ते विचारू नका, रत्नध्वज नावाचा राजा होता. त्याला वेड चित्रांचे. तीही कसली? विलायतेतल्या जुन्या उमरावांच्या हवेल्यांची! कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, कागदावर ठसा उठवायचा आणि तो सोनेरी चौकटीत बसवायचा. अहाहा, काय त्या रेघा! खिडक्याच खिडक्या, पण एक तावदान चुकलेले नाही. तळ्यात हंस, कुरणात हरणे. राजा दालनाला कडी घालून एकटाच बघत बसे.

तिथेच घात झाला. त्यातले एक चित्र मांत्रिकाने कोरलेले होते. एकट्याने बघणाऱ्याला ते आत ओढून घेई. एके दिवशी दार फोडून बघतात तो राजा चित्रात, तळ्याकाठी, नखाएवढा!

राणी पद्मलेखेने हंबरडा फोडला. तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "राणी, रडू नकोस. त्या खऱ्या हवेलीच्या धुराड्यात माझे घरटे होते. तू एकटीने बघ, म्हणजे आत जाशील. हरणांतून वाट काढ, पूल ओलांड, मग उजवीकडे वळून राजाला गाठ. दोघांनी मिळून हवेली पाहिलीत की सुटलात. पण सूर्य मावळला तर शाई वाळेल आणि राजा कागदाचाच होईल."

"जाते," राणी म्हणाली, आणि गेली.

हरणे बाजूला झाली. पूल ओलांडला. राणी उजवीकडे वळली, तर पुन्हा हरणांत! दुसऱ्या खेपेलाही तेच. ऊन कलले. तिसऱ्या खेपेला तिने पुलावरचे पहारेकरी नीट पाहिले. सगळ्यांच्या तलवारी डावीऐवजी उजव्या कमरेला!

"अगं बाई! राजमुद्रेवर अक्षरे उलटी कोरतात, तेव्हा कुठे ठसा सुलटा उठतो. हा शहाणा मांत्रिक सुलटेच कोरून बसला, म्हणून अख्खी हवेली उलटी उठली!"

ती डावीकडे धावली. तळ्याकाठी राजा बसला होता.

"कशाला आलीस, राणी?"

"आपल्याला न्यायला, महाराज."

राजाचे डोळे भरले. "इतकी देखणी हवेली, पण 'बघ ना' म्हणायला जवळ कुणी नव्हते गं."

"मग आता म्हणा."

"बघ ना," राजा म्हणाला.

राणीने पाहिले. मावळतीचे ऊन खिडक्यांवर पडले होते. "किती सुंदर!" ती म्हणाली, अगदी मनापासून.

तत्क्षणी मंत्र तुटला, दोघे दालनात उभे! दुसऱ्या दिवशी अवघे नगर चित्रे बघायला लोटले, आणि राजा एकेकाचा हात धरून हंस दाखवीत हिंडत होता.