तिरकी झिरी

“पण माझी चूक काय झाली, ते तरी सांगा वस्ताद.”

मल्लिनाथने हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर वस्ताद दुपारची नमाज उरकून नुकतेच टेकले होते. त्यांच्याच घरात, दाराशी मीही बसलो होतो. वस्तादांनी पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्याकडे सरकवला.

बार्शीत वस्तादांच्या हाताखाली आम्ही चौघं वायरमन झालो. चौघांत मल्लिनाथ हुशार. हे मी जळून सांगत नाही… म्हणजे, थोडं जळूनच सांगतो. टीव्ही भिंतीवर चढवावा तर त्यानेच. दगडी भिंत असो की पक्क्या विटांची, तो तिच्यात झिरी, म्हणजे लांब खाच, पाडायचा, सगळ्या वायरी आत घ्यायचा, वरून सिमेंट, पुट्टी, रंग. काम झाल्यावर भिंतीवर फक्त टीव्ही उरायचा. वायरीचं नखही दिसायचं नाही.

“माझी झिरी शोधून दाखवा,” असं तो गिऱ्हाइकाला म्हणायचा. कुणालाच सापडायची नाही.

आठ दिवसांपूर्वी ती शिवदास वाण्यांना सापडली.

वाणी म्हणजे सरकारी दवाखान्यातले रिटायर झालेले कंपाउंडर. मुलगी नर्स झाली. तिचा पदवी घेतानाचा फोटो त्यांना टीव्हीशेजारी लावायचा होता. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. डाव्या हातात खिळा, उजव्यात हातोडा. तिसऱ्या घावाला खिळा वायरीत गेला.

मुलगी आतल्या खोलीतच होती. तिने मेन बंद केला, बापाची छाती दाबत राहिली, तोंडाने श्वास दिला. सगळं शिकलेलं करून पाहिलं. माणूस गेला.

पोलिसांनी अपघात लिहिला. मल्लिनाथचं नाव कुणी घेतलंसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्याला गप्प बसायचं असतं, तर बसता आलं असतं. पण तो वस्तादांकडे आला. त्याबद्दल मी त्याला मनातून मानतो.

“त्यांनी न इचारता खिळा ठोकला,” मल्लिनाथ म्हणाला. “माझा काय दोष?”

“कुणाला इचारायचं हुतं?”

“मला. फोन करायचा.”

“फोटो लावाया माणूस वायरमनला फोन करतो व्हय?”

मल्लिनाथने तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“झिरी कशी नेली हुतीस?” वस्तादांनी विचारलं.

मल्लिनाथ तांब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

“कशी नेली हुतीस?”

“तिरकी.”

वस्तादांच्या हाताखाली पहिल्या दिवशी पहिला धडा हाच. वायर भिंतीतून उभी न्यायची नाहीतर आडवी. तिरकी कधीही नाही. बोर्ड दिसला की त्याच्या सरळ वर, सरळ बाजूला वायर असणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिथे खिळा मारू नये, हेही कळतं. तिरकी वायर कुठून गेली, ते फक्त नेणाऱ्याला ठाऊक.

“भिंत दगडी हुती वस्ताद. उभी-आडवी मारायची तर दोन दिस जात हुते. तिरकी एका दिसात झाली.”

“पायपातनं नेली?”

“पायपाला झिरी खोल लागती…”

“म्हंजी न्हाई.”

“न्हाई.”

“झिरी भरायच्या आधी घरच्यांना बोलावलं हुतंस?”

हा वस्तादांचा दुसरा रिवाज. झिरी उघडी असताना घरातल्या झाडून सगळ्यांना बोलवायचं. म्हातारी असो, सून असो, एकेकाला झिरीवरून बोटं फिरवायला लावायची, मग सिमेंट. आम्हाला याची लाज वाटायची. मल्लिनाथ तर म्हणायचा, “भिंतीचं बारसं हाय का?” आम्ही हसायचो. मीही हसायचो.

“घरी कुणी न्हवतं,” मल्लिनाथ म्हणाला. “तुळजापूरला गेले हुते. किल्ली माझ्याकडं दिली हुती. परत आले तर भिंत तयार. वाणीकाकांनी टाळ्या वाजवल्या.”

त्याने तोंडावरून हात फिरवला.

“मी मातीला गेलो हुतो, वस्ताद. त्यांच्या पोरीनं वळखलं मला. म्हणाली, दादा, बाबा तुमचं फार कौतुक करायचे. येईल त्याला भिंत दाखवायचे…”

तो गुडघ्यात डोकं घालून रडला. मोठ्याने, बाईमाणसासमोर पुरुष रडणार नाही तसा. मला वाटलं, वस्ताद आता त्याच्या पाठीवरून हात फिरवतील.

वस्ताद उठले. त्यांनी पेटी उघडून हातोडा काढला आणि एक लांब खिळा काढला.

समोरच्या भिंतीवरचा टीव्ही मल्लिनाथनेच चढवलेला. दोन वर्षांपूर्वी, ईदची भेट म्हणून. तेव्हाही वस्ताद घरी नव्हते, लेकीकडे गेले होते. परत आल्यावर त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “दिसत न्हाई.” मल्लिनाथ हे गावभर सांगत फिरला. गुरूची शाबासकी म्हणून. मीही तेव्हा ती शाबासकीच धरली होती.

वस्ताद अनवाणी भिंतीपाशी गेले.

“बोर्ड तिकडं, कोपऱ्यात खाली,” ते म्हणाले. “टीव्ही हिकडं, वर. ह्या जागंच्या खाली बोर्ड न्हाई. वर टीव्ही न्हाई. म्हंजी हितं काय नसंल.”

त्यांनी खिळा भिंतीला लावला. दोन बोटांत धरला.

“वस्ताद, मेन तरी…” मी म्हणालो.

“तू बस.”

टीव्हीच्या कोपऱ्यातला लाल दिवा चालू होता.

मल्लिनाथने डोकं वर केलं. तो खिळ्याकडे बघत होता, मग बोर्डाकडे, मग टीव्हीकडे. मनातल्या मनात रेघ ओढत होता. वायर खिळ्याच्या वरून गेली, की खालून… बोलला नाही. बोलला असता तर वस्तादांच्या भिंतीतही त्याने तिरकीच नेली, हे उघड झालं असतं.

ठक्.

पुट्टीचा पांढरा भुगा वस्तादांच्या पावलांवर पडला. त्यांनी हातोडा पुन्हा उचलला.

मल्लिनाथ झेपावला. त्याने दोन्ही हातांनी वस्तादांचं मनगट धरलं.

“थांबा!”

“का?”

“हितं वायर असंल.”

“असंल?”

“…नक्की ध्यानात न्हाई.”

वस्तादांनी खिळा सोडला. तो भिंतीत तसाच अडकून राहिला.

“अशी किती घरं केलीस?”

“चाळीस. जास्तच.”

“कागदावर कुठं काढून ठिवलंस?”

“न्हाई.”

“भिंत बघून सांगता ईल?”

मल्लिनाथने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. गुळगुळीत, पांढरी भिंत. त्याने स्वतः तीनदा पुट्टी घासून केलेली. तो बराच वेळ बघत राहिला.

“न्हाई येनार,” तो म्हणाला. “मलाबी दिसत न्हाई.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

त्या चाळीस घरांपैकी काही घरं मलाही माहीत होती. एकात माझी मावसबहीण राहते. तिला देवादिकांच्या तसबिरींची भारी हौस. हे आठवलं आणि मला तिथे बसवेना.

“वस्ताद,” मल्लिनाथ म्हणाला, “पोरीकडं जाऊन तिचे पाय धरू का? पोलिसांत जाऊ? काय करू, तुमीच सांगा. तुमी सांगाल ते करतो.”

वस्तादांचं मनगट अजून त्याच्या मुठीत होतं. बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने ते आवळलेलं होतं.

वस्तादांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“हात सोड,” ते म्हणाले. “माझ्या घरात थांबवाया तू हुतास. त्या चाळीस घरांत कोन हाय?”