सातव्या झाकणाखालची तान्हूबाई

फार वर्षांपूर्वी, भोरदऱ्याच्या पेठेत अजून कंदीलही लागले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. पेठेखालून एक दगडी गटार होतं. घराघरातलं सांडपाणी त्यातून ओढ्याला जाई. ते बांधणारा पाथरवट वारला आणि त्याची बायको तान्हूबाई मागे राहिली. दर अमावास्येला ती पहार लावून गटाराची बाराही झाकणं उचलायची आणि लांब दांड्याच्या खोऱ्याने गाळ ओढायची. एक साल ते राहून गेलं, तर खालच्या आळीत पटकी आली आणि तिची एकुलती लेक गेली. तेव्हापासून तिला स्वस्थ बसवेना. जेवायचीसुद्धा उभ्याने, असं म्हणतात.

लोकांना मात्र गंमत वाटे. पाणी तर बिनबोभाट जातंय, बाई उगीच जिवाला घोर लावून घेते. रायाजी पाटलाने तर सातव्या झाकणावरच चावडीचा ऐसपैस ओटा बांधायला काढला. तान्हूबाईने हात जोडले. पाटील हसला.

"पाणी जातंय न्हवं, तान्हूबाई? मग?"

"जातंय तवरच उघडायचं, पाटील. तुंबल्यावर काय, समदेच उघडत्यात."

ओटा झालाच. तीन पावसाळे गेले. तान्हूबाई ओट्याला कान लावी, चार पावलं जाई, परत येऊन पुन्हा कान लावी. खालचा आवाज महिन्यागणिक जड होत चालला होता. ती दारोदार सांगत फिरली, तर लोक तिला पाहून दार लोटून घेऊ लागले. त्यांना तरी काय म्हणावं!

चौथ्या श्रावणात झड लागली. भरदुपारी घाण पाणी उलटं फिरून खालच्या आळीत शिरलं, आणि तिथे दोन ओल्या बाळंतिणी होत्या. पाटील स्वतः पहार घेऊन धावला, पण ओटा काही हलेना. तान्हूबाईने पदर खोचला आणि पहार घेऊन ती सहाव्या झाकणातून आत उतरली.

असं म्हणतात, जमिनीखालून घावावर घाव ऐकू आले. ओटा मधोमध दुभंगला, पाणी गर्जत सुटलं आणि ओढा तीन दिवस काळा वाहिला. बाळंतिणी वाचल्या, लेकरं वाचली. तान्हूबाई काही वर आली नाही.

त्या पेठेत आजही झाकणावर कुणी काही बांधत नाही आणि आत माणूस उतरवत नाहीत. दर अमावास्येला पहिली पहार पाटलांच्या घरचं माणूस लावतं, मग घरटी एक जण खोरं घेऊन येतो. नवी सून विचारते, दर महिन्याला कशाला एवढा खटाटोप? सासू सांगते, "आत तान्हूबाई हाय. तिच्या अंगावर गाळ साचू द्यायचा न्हाई."