दोर सोडणारा वैद्य

फार पूर्वी शिलावती नगरीत उदग्र नावाचा राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका वैद्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रिक ठेवले होते. बापाच्या हाताखाली तो विद्या शिकला आणि बाप गेल्यावर वेशीबाहेर, दगड ओढणाऱ्यांच्या वस्तीत राहायला गेला. लोकांनी विचारले, "वैद्यबुवा, राजवाड्याजवळची जागा सोडून इथे कुठे?"

तो म्हणाला, "पाठी इथे दुखतात."

वस्तीतली माणसे खाणीतून मोठमोठे दगड ओढून आणीत. सगळा जोर कमरेवर आणि खांद्यांवर येई. भद्रिकाने घरापुढचे अंगण सारवून घेतले आणि रोज सकाळी सर्वांना तिथे बोलावू लागला. कामाला निघण्याआधी अंग कसे मोकळे करायचे, ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत कसे बसायचे, हे तो स्वतः करून दाखवी. संध्याकाळी गरम वाळूच्या पोटळीने शेक देई, निरगुडीच्या पाल्याची वाफ देई, तिळाचे तेल चोळून देई. पहिल्यांदा बाप्ये हसले.

"बुवा, आम्हाला नाचायला शिकवताय काय?"

"आलं तर लग्नात उपयोगी पडेल," भद्रिक म्हणाला. "आता खाली बसा. हळू."

पुढे म्हाताऱ्याही येऊ लागल्या. सकाळी अंगणात उभे राहायला जागा पुरेना.

या माणसांची एक जुनी रीत होती. दगड एकदा चालू लागला की दोर सोडायचा नाही. कधीकाळी चढावर कुणी तरी दोर सोडला होता आणि दगड मागे घसरून माणसे चिरडली होती. तेव्हापासून दोर सोडणाऱ्याच्या हातचे पाणी वस्तीत कोणी पीत नसे. त्याला पंगतीत बसवत नसत, त्याच्या मुलीला कोणी मागणी घालीत नसे. म्हणून माणसे दुखणे गिळत आणि ओढत राहत.

अशात राजाच्या मनात आले की टेकडीच्या माथ्यावर आपला एक विजयस्तंभ असावा. अखंड दगडाचा, दुरून दिसणारा. कामावर दंडक नावाचा अधिकारी नेमला गेला. तो एके दिवशी भद्रिकाच्या अंगणात आला.

"वैद्यराज, मोडलेलं हाड बसवताना तुम्ही एक काढा देता म्हणे. दुखणं कळतच नाही."

"देतो."

"तो रोज रांजणभर हवा. बिचारी माणसं फार कण्हतात हो."

भद्रिकाला वाटले, दुखणाऱ्याला आराम मिळतो आहे तर नाही का म्हणावे? त्याने काढा दिला. माणसे सकाळी वाटीभर पीत आणि गाणी म्हणत दगड ओढीत. अंगण ओस पडू लागले. कोणी भेटले तर म्हणे, "आता काही दुखतच नाही बुवा, येऊन काय करू?" भद्रिकाला चुकल्यासारखे वाटे, पण काय चुकले ते उमगत नव्हते.

मग एका दुपारी सामा नावाची बाई नवऱ्याला खांद्याचा आधार देत घेऊन आली. तिचा नवरा रोहक म्हणजे आघाडीचा गडी. सर्वांत पुढचा दोर त्याचा. तो हसत होता, पण डावा पाय मागे फरफटत होता.

"वैद्यदादा, बघा ना यांच्याकडं," सामा म्हणाली. "चुलीतला निखारा पायावर पडला. कातडी जळाल्याचा वास मला आला, यांना पत्ता नाही!"

"उगाच बोभाटा करते," रोहक म्हणाला. "मला कुठं काय होतंय?"

भद्रिकाने त्याला पालथे निजवले. पाठीचा कणा बोटांनी चाचपत तो खाली आला. मग बाभळीचा काटा घेऊन त्याने तळपाय टोचला.

"सांग, कुठे टोचलं?"

"टोचा की आधी," रोहक म्हणाला.

तळपायावर रक्ताचा थेंब आला होता. भद्रिकाने काटा खाली ठेवला. दुखणे हा शरीराचा पहारेकरी असतो. चोर आला की तो ओरडतो. आपण या सगळ्या वस्तीच्या पहारेकऱ्यांना आपल्या हाताने झोपवले, हे त्याला त्या थेंबाकडे पाहताना कळले.

"रोहका, कमरेत शीर दबली आहे. निजून राहिलास तर पाय परत येईल. पुन्हा दोर धरलास तर जन्माचा जाईल."

रोहकाचे हसू मावळले. "परवा स्तंभ चढावर घ्यायचाय. आघाडीचा दोर माझा आहे. मी सोडला तर माझ्या पोरीला कोण करून घेईल? तुम्ही काढा द्या बुवा. पायाचं माझं मी बघतो."

भद्रिक उठला. उखळाजवळचे मुसळ त्याने उचलले आणि काढ्याच्या रांजणावर घातले. काळा काढा अंगणभर पसरला आणि मातीत जिरून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिपायांनी त्याला टेकडीच्या पायथ्याशी नेले. दोर अंथरून ठेवले होते, माणसे आपापल्या जागी उभी होती. रोहक रस्त्याच्या कडेला बसला होता आणि सामा तोंडावर पदर घेऊन त्याच्या शेजारी. राजा पालखीत होता.

"काढ्याचा रांजण का फोडलास?" राजाने विचारले.

"महाराज, त्या काढ्याने माणसं बरी होत नाहीत. मोडेपर्यंत चालतात, एवढंच."

"एका माणसाच्या पायासाठी माझा स्तंभ अडवतोस?"

"होय महाराज."

दंडक हसला. "पायाचा एवढा कळवळा आहे तर त्याचा दोर याच्याच खांद्यावर द्यावा, महाराज."

"द्या," राजा म्हणाला.

भद्रिकाने आघाडीचा दोर खांद्यावर घेतला. हाकाऱ्याने हाक दिली, माणसांनी हुंकार दिला आणि स्तंभ खडखडत चढाला लागला. वैद्याचे हात पाला वाटणारे. थोड्याच वेळात त्याच्या कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारले. त्याने ती गिळली नाही.

"पाचरी मारा!" तो ओरडला.

दगडामागून चालणाऱ्यांनी सवयीने लाकडी पाचरी ठोकल्या. स्तंभ जागच्या जागी बसला. भद्रिकाने तो नीट बसल्याची खात्री करून घेतली. मग सर्वांना दिसेल असे हात उघडले. दोर मातीत पडला.

"माझी कंबर दुखते आहे," तो मोठ्याने म्हणाला. "मी दोर सोडला."

भद्रिक रस्त्याकडेच्या पाण्याच्या घागरीपाशी गेला, स्वतः प्यायला आणि तांब्या भरून रांगेसमोर धरला. "घ्या. चढ मोठा आहे. तहान लागली असेल."

तहान सगळ्यांनाच लागली होती. पुढे कोणी होईना. ज्यांच्या पाठी त्याने शेकल्या होत्या त्यांनी माना वळवल्या.

मग सामा उठली. तिने तोंडावरचा पदर मागे सारला, सगळ्या रांगेदेखत चालत आली आणि त्याच्यासमोर ओंजळ धरली.

"वाढा, दादा," ती म्हणाली. ती घटाघटा प्यायली आणि ओल्या हाताने तोंड पुसून रांगेकडे वळली. "माझ्या धन्याचा पाय राखायला यानं दोर सोडला. तुम्ही कुणासाठी धरलाय रे?"

मांडव्य नावाचा म्हातारा रांगेत होता. त्याने आधी दोराकडे पाहिले, मग आपल्या खांद्याकडे. "गेल्या हिवाळ्यापासून दुखतोय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला आणि दोर सोडून पाण्याकडे आला.

"माझा गुडघा," दुसरा म्हणाला.

"माझी मान."

"माझं तर काय दुखत नाही विचारा!" तिसरा म्हणाला, आणि माणसे हसली. दोर एकामागून एक खाली पडत गेले आणि माणसे रस्त्यातच बसली.

दंडकाने चाबूक उचलला. पण राजाच पालखीतून उतरला आणि लंगडत पुढे आला. संतापाने त्याचा चेहरा लाल झाला होता.

"दोर उचल, नाही तर हात तोडीन."

"तोडा महाराज," भद्रिक म्हणाला. "तोडलेला हात दोर धरत नाही."

"माझ्यासमोर बोलतोस?"

"आपला गुडघा धरला की मला वाड्यावर बोलावता, तेव्हा मी काय सांगतो? पडून राहा, चालू नका. तेव्हा आपण माझ्यावर रागावत नाही."

"माझा गुडघा आणि यांचा गुडघा एकच आहे काय?"

"मी दोन्ही दाबून पाहिले आहेत, महाराज. एकच आहे."

राजाने शिपायांना दोर धरायला फर्मावले. शिपायांनी कमरेत वाकून जोर लावला. स्तंभ हलला नाही. त्यांच्यातला एक "आई गं!" करून पाठ धरून खाली बसला. म्हातारा मांडव्य कळवळून म्हणाला, "गुडघ्यांत बसायचं असतं, बाळा. उद्या सकाळी अंगणात ये."

समोर बसलेल्या माणसांपैकी कोणाला शिक्षा करावी हे राजाला ठरवता येईना, कारण बसलेले सगळेच होते. शेवटी त्याने विचारले, "काय केलं तर चढेल?"

"काढा बंद. ज्याचं दुखेल त्याने बोलायचं. आधी पाचर, मग विसावा. मोडलेल्याने घरी निजायचं आणि त्याच्या घरची चूल कोठारातून पेटायची."

"असा कधी पोहोचायचा तो?"

"दगडाला घाई नाही, महाराज."

"मग पडू दे त्याला तिथेच!" राजा म्हणाला आणि पालखीत जाऊन बसला.

स्तंभ अर्ध्या चढावरच राहिला. पावसाळा सरला तेव्हा रोहक काठी न घेता घराबाहेर आला. वस्तीत त्याला कोणी दोर सोडणारा म्हटले नाही. त्याच्या मुलीला मागणी आली ती मांडव्याच्या घरून.

ही कथा सांगून भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, समोर बसलेल्या भिक्षूंकडे पाहिले. पोटात कळा येत असूनही, लोक दुबळा म्हणतील म्हणून अनेक दिवस गप्प राहिलेला भिक्षू कौंडल तिथेच बसला होता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा रोहक म्हणजे हा कौंडल. याचे दुखणे ओळखून सर्वांसमोर बोलणारी उपासिका नंदिला, ती तेव्हाची सामा. याला गप्प बस म्हणणारा गृहस्थ वासुल, तो तेव्हाचा दंडक. आज आजाऱ्यांसाठी आपले घर उघडून देणारा श्रेष्ठी उग्रसेन तेव्हा राजा होता. त्याला शिकायला इतके जन्म लागले. आणि दोर सोडणारा वैद्य मीच होतो. त्या जन्मात मी जो गुण पूर्णत्वाला नेला त्याचे नाव करुणा. दुसऱ्याचे दुखणे खरे मानावे आणि त्याच्यासाठी राजापुढेही मान ताठ ठेवावी, एवढे बळ तिला लागते."