अक्षता हातात धरलेली मंडळी

वाहिनीप्रमुख दिगंबरराव कारखानीस यांनी लेखिका मृणालिनीबाईंना बजावले, "मालिकेचा शेवट लिहिलात, तर लेखक बदलीन! कथा संपली असेल. प्रेक्षक कुठे हलले आहेत?"

बाईंनी मात्र शेवट लिहायचाच, असा निर्धार केला.

त्याच आठवड्यात दिगंबररावांच्या कन्येचे लग्न होते आणि मंगलाष्टके म्हणण्याचा मान बाईंकडे होता. आठ कडवी झाली, तरी बाई थांबेनात. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले.

बाईंनी पुढच्या कडव्यासाठी श्वास घेताच दिगंबरराव कळवळले, "बाई, आवरा! मुहूर्त टळेल!"

"पण मंडळी कुठे हलली आहेत?"

"अहो, ती अक्षता टाकायला थांबली आहेत, तुमचे गाणे ऐकायला नव्हे!"

"आपले प्रेक्षकही शेवटासाठीच थांबले आहेत, साहेब. टाकू द्यायच्या ना त्यांना अक्षता?"

"द्या, दोघांनाही टाकू द्या!" दिगंबरराव म्हणाले, आणि अंतरपाट दूर झाला.