बारवेची हरवलेली पायरी

एका राज्यात राजा होता खरा, पण सिंहासनावरून उठणे त्याच्या नशिबी नव्हते. मायावी काळकेतूचा शापच तसा होता. जसजशी महालाची एकेक भिंत पडे, तसतसा राजा दगड होत जाई. पाय गेले, कंबर गेली, हात गेले, राजा आणि सिंहासन एकच शिळा झाली. दगड छातीला भिडला, तेव्हा राजकन्या हेमाक्षी काळकेतूच्या गुहेत जाऊन उभी राहिली.

"उःशाप सांगा."

"छत सावर, बाग फुलव, बारवेला पाणी आण. मात्र जे महालाचे नाही ते लावशील, तर ढासळेल."

प्रधानांनी हे ऐकले आणि खजिना उपसून परदेशचा संगमरवर आणला. सकाळी त्याची भुकटी झाली. शहाणी माणसे! त्यांनी पुन्हा तोच मागवला.

हेमाक्षीने पदर खोचला. आटलेल्या राजतळ्यातले शिंपले भाजून चुना केला, त्यात बेलफळाचा गर मळला. पडलेली कौले, भंगलेल्या सुरया, फुटक्या रकाब्या, सगळे त्या चुन्यात बसवले. छत उभे राहिले, आणि पूर्वीपेक्षा देखणे. राजाच्या छातीशी आलेला दगड तिथेच थांबला.

बागेत मात्र काडीही उरली नव्हती. तेव्हा कुंपणावरची साळुंकी बोलली, "आमच्या आज्यांनी इथली फळे खाल्ली, बिया डोंगरावर टाकल्या. तिथली जांभळे, तुती, चंदन तुझीच आहेत." हेमाक्षीने ती रोपे मुळांसकट आणली. मातीने ती ओळखली, एकही मेले नाही. राजाचे हात हलू लागले.

उरली बारव. तिची वरची पायरीच गायब होती.

"ती तुझ्या पणजोबांनी उचलली," साळुंकी म्हणाली. "दगड चांगला दिसला, सिंहासन घडवले. बारव खणली होती काळकेतूच्या आईने."

हेमाक्षी छिन्नी-हातोडा घेऊन दरबारात आली. प्रधान आडवे आले. "घाव चुकला तर महाराज दुभंगतील!"

वडील गमावण्याच्या भीतीने तिला रडू फुटले. "बाबामहाराज, काय करू?"

"मार, पोरी. बसून बसून कंटाळलो मी."

तिने डोळे पुसले, नेम धरला आणि घाव घातला. शिळा सुटली, राजा जमिनीवर कोसळला. पाय अजून दगडाचेच होते. हेमाक्षी थांबली नाही. शिळा ओढत बारवेवर नेली, मूळ जागी टेकवली, चुना भरला. खालून पाणी गडगडत वर आले.

मागे अनवाणी पावले वाजली. राजा चालत येत होता. समोरून काळकेतू आला, ओंजळभर पाणी प्याला आणि वाट सोडून बाजूला झाला.

राजाने त्या पायरीवर जपून पाय ठेवला.

"तुझे पणजोबा हिच्यावर बसले," तो लेकीला म्हणाला. "हिच्यावरून पाण्याकडे उतरायचे होते."