खळ चुकवलेला धागा

मेंढ्या बोलायच्या त्या काळात लोकरीचे धागेही बोलायचे. घोंगडी विणायला घेण्याआधी म्हातारी सगुणा उभे धागे अंगणात ताणायची आणि कुंच्याने त्यांना चिंचोक्याची खळ पाजायची. एका काळ्या धाग्याला ती चिकट, आंबूस खळ नको होती. कुंचा जवळ आला की तो इतरांच्या पोटाखाली दडायचा.

“अरे, खळीशिवाय मागावर टिकशील का?” शेजारचा धागा म्हणाला.

“मी मुळातच दणकट आहे!”

मागावर फणी दोनदा घासली मात्र, तो तटकन तुटला. विणणारा गेनबा, सगुणाचा नवरा, तिच्यावर खेकसला, “हात चालत नाही, तर सांगायचं होतंस!”

सगुणाने खळीत बोट बुडवलं, तुटकी टोकं जुळवून गाठ मारली आणि हळूच म्हणाली, “चुकलं रे लेकरा. तुला पाजायचं माझ्याकडून राहून गेलं.”

धाग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘मीच दडलो होतो’ हे सांगायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

घोंगडी आता जुनी झाली आहे. पांघरणाऱ्याचं बोट त्या गाठीला लागलं, की धागा अजून लाजेनं आक्रसतो.